ठेका मार्चमध्ये संपतो, उन्हाळा तेव्हाच लागतो

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,



जुलैत आमच्या बागेत वृक्षारोपण झालं. पाहुणे आले, नारळ फुटला, फोटो झाले, करंजाचं रोप लागलं. ज्या खड्ड्यात ते लागलं तो खड्डा मी ओळखते. गेल्या पावसाळ्यात तिथं कडुनिंब लागला होता आणि त्याच्या आदल्या पावसाळ्यात जांभूळ. दोन्ही रोपं माझ्या डोळ्यांदेखत वाळली. आता तो खड्डा नव्यानं खणावा लागत नाही. तळाला अजून भुसभुशीत माती आहे, खुरप्यानं थोडी मोकळी केली की पुढचं रोप बसतं. हे पत्र त्या खड्ड्याबद्दल आहे.

मी विष्णुपुरीची. गोदावरीवरच्या 18 दरवाजांच्या बंधाऱ्यामुळे आमच्या गावाचं नाव राज्याला माहीत आहे. त्या शंकरसागर जलाशयाचं पाणी नांदेड शहर पितं. काळेश्वराचं देऊळ आहे, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आहे, इंजिनिअरिंग कॉलेज आहे, शासकीय मेडिकल कॉलेज आणि त्याचा मोठा दवाखाना आहे. बागकामात मी 2008 साली आले. शिखांच्या गुरु-ता-गद्दीचं त्रिशताब्दी वर्ष होतं. नांदेडात रस्ते रुंद होत होते, घाट बांधले जात होते, दुभाजकांत झाडं लागत होती आणि रोजंदारीवर बायका हव्या होत्या. मी दहावी झालेली, पदरात लहान मुलगी. आठ दिवसांचं काम म्हणून गेले, त्याला आता 17 वर्षं झाली. या काळात दुभाजक राखले, बागा राखल्या, एक खेळाचं मैदानही राखलं. माझ्या हजेरीच्या कागदावरचं ठेकेदाराचं नाव दर थोड्या महिन्यांनी बदलत गेलं. खुरपं मात्र मी घरून नेते, ते तेच आहे.

सध्या ज्या बागेत आहे तिचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर उद्या दोन अधिकारी त्या एका बागेत येतील, चार झाडांना पाणी मिळेल आणि बाकीच्या बागा तशाच राहतील.

आमच्या कामाबद्दल बऱ्याच लोकांचा समज असा की झाडू मारायचा, गवत कापायचं आणि पाइप धरून उभं राहायचं. तेही करतोच. पण आमच्याकडच्या काळ्या जमिनीत झाड जगवणं हे वेगळं काम आहे. पावसाळ्यात ही माती फुगते, पायाला चिकटून चपलेसकट वर येते. फेब्रुवारी संपला की आक्रसायला लागते आणि एप्रिलपर्यंत तिला अशा भेगा पडतात की माझा हात कोपरापर्यंत आत जातो. मोठ्या झाडाचं त्यानं फार बिघडत नाही. पण वर्षाच्या रोपाची केसासारखी बारीक मुळं त्या भेगांत तटातटा तुटतात. वरून टँकरनं पाणी सोडलं तर ते भेगेतून सरळ खाली निघून जातं. आळं भरल्यासारखं दिसतं आणि दहा मिनिटांत कोरडं. म्हणून मार्च लागायच्या आत आळ्याची माती चार बोटं हलवून भेगा बुजवायच्या, त्यावर पालापाचोळ्याचा वीतभर थर द्यायचा आणि पाणी कमी पण सावकाश, बुडाशी टेकवून द्यायचं. असे तीन उन्हाळे काढले की कडुनिंब किंवा करंज स्वतःच्या पायावर उभा राहतो. मला हे कुणी शिकवलं नाही. माझा बाप दुसऱ्याच्या शेतात सालगडी होता, त्याचं बघून आलं.

पालापाचोळ्याचं सांगते. एका ठेकेदाराच्या मुकादमाला बाग चकचकीत दिसायला हवी होती. आम्ही आळ्यात घातलेला पाला तो झाडून काढायला लावायचा आणि कोपऱ्यात ढीग करून पेटवायचा. दोनदा मी अडवलं, तिसऱ्यांदा माझी हजेरी अर्धी मांडली. 2016 च्या घनकचरा नियमांत बागेतला कचरा शक्यतो बागेतच जिरवावा असं म्हटलेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा माहीत असतं तर कागद दाखवून भांडले असते. पानगळीतल्या कडुनिंबाचा पाला जाळताना जो धूर होतो त्यानं सकाळी फिरायला येणारे म्हातारे खोकत बाहेर पडायचे. तोच पाला दोन पावसाळे खड्ड्यात कुजू दिला तर बागेला बाहेरून खत आणावं लागत नाही.

आता मुद्द्यावर येते.

सरकारचं वर्ष 31 मार्चला संपतं. आमचे ठेके बहुतेक त्याच सुमाराला संपतात. मग नवं अंदाजपत्रक, नवं टेंडर, कधी मुदतवाढ, कधी फेरटेंडर, आणि नवी वर्क ऑर्डर येईपर्यंत मे उलटतो. त्या दोन महिन्यांत आमची हजेरी बंद असते. काही बायका वीटभट्टीवर जातात, काही लग्नात भांडी घासायला. बागेला वॉचमन असला तर गेट उघडतो-लावतो. पाइप खोलीत कुलूपबंद. साहेब, एप्रिल आणि मे हे नांदेडचे 42-43 अंशांचे महिने. वर्षभरात रोपाला माणूस लागतो तो याच दोन महिन्यांत आणि याच दोन महिन्यांत तिथं माणूस नसतो. जूनमध्ये आम्ही परत येतो, वाळलेली काटकी उपटतो, खड्डा मोकळा करतो आणि जुलैच्या कार्यक्रमाची तयारी करतो.

लोक म्हणतात झाडं पाण्याविना मरतात. माझ्या डोळ्यासमोर जी मेली त्यातली कितीतरी तारखेनं मेली.

राज्यानं झाडं लावायची मोठी मोहीम चार वर्षं चालवली. 2016 मध्ये 2 कोटी, मग 4 कोटी, मग 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी झाडांचं लक्ष्य होतं. आम्हीही त्या खड्ड्यांत घाम गाळला आहे आणि ते काम वाईट होतं असं मी म्हणणार नाही. पण तेव्हाही प्रत्येक कागदावर ‘किती लावली’ याचा रकाना होता, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात आळ्याशी कोण बसणार याचा रकाना माझ्या हाती आलेल्या एकाही कागदावर नव्हता. शहरातल्या झाडांसाठी आपला 1975 चा कायदा आहे. त्यात वृक्ष प्राधिकरण आहे, दर पाच वर्षांनी झाडांची गणना आहे. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान दिला. ते वाचून मला बरं वाटलं. पण पन्नाशी गाठायला आधी तिसरं वर्ष गाठावं लागतं, आणि तिथवर पोचवणाऱ्या माणसाला कागदात जागा हवी.

मी लावलेलं एक झाड आज उभं आहे. 2009 च्या पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला लावलेला कडुनिंब. त्याच ओळीत आणखी बरीच होती, ती गेली. हा जगला याचं कारण एवढंच की तो माझ्या घराच्या वाटेवर होता. मार्चमध्ये काम सुटलं तेव्हा मी धुण्याचं शेवटचं पाणी बादलीत धरून, लेकीला काखेत घेऊन, संध्याकाळी त्याच्या बुडाशी ओतायची. असे तीन उन्हाळे. दोन वर्षांनी त्याची लोखंडी जाळी खोडात रुतायला लागली. साल फुगून तारेच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आली होती. ठेका संपलेला, कुणाला सांगावं कळेना. शेवटी दिराकडून करवतीचं पातं आणून जाळी कापली. खोडावर तो आडवा वळ आजही आहे, हात फिरवला की लागतो.

त्या झाडाखाली आता दवाखान्यात आलेल्या पेशंटचे नातेवाईक थांबतात. किनवट, माहूर, मुखेड, देगलूरहून येतात, चार-चार दिवस राहतात. भाकरी तिथंच खातात, टॉवेल फांदीवर वाळत टाकतात. मागच्या मे महिन्यात एका बाईनं खालच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून त्यात बाळ निजवलं होतं. ती स्वतः बुंध्याला पाठ टेकून एका हातानं झोळी हलवत होती आणि डोळे मिटले की हात थांबायचा, बाळ कुरकुरलं की पुन्हा सुरू व्हायचा. बाहेर डांबर वितळत होतं. बाग, सावली, बाकडं ही चैनीची गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी दुपारी दोन वाजता तिथं यावं.

झाडाचं नुकसान सावकाश दिसतं. खेळण्यांचं तसं नसतं. झोका ज्या कडीवर लटकतो ती कडी आतून झिजते. बाहेरून रंग असतो, त्यामुळे उभं राहून बघणाऱ्याला ती नवी दिसते. झोका एका हातानं उचलून धरायचा आणि दुसऱ्या हाताचं बोट कडीच्या आतल्या बाकावर फिरवायचं, खाच लागली की ती कडी गेली. आठवड्यातून एकदा हे करायला अर्धा तास पुरतो. घसरगुंडीच्या पत्र्याची कड उचकटली आहे का, ओपन जिमच्या सायकलचा नट ढिला आहे का, सी-सॉच्या खालचा टायर जागेवर आहे का, हेही त्यात होतं. काही वर्षांपूर्वी एका बागेत मला अशी खाच लागली. मी तोंडी सांगितलं. लिहून द्यायला वहीच नव्हती. ठेका संपत आला होता, दुरुस्ती पुढच्या ठेक्यात बघू म्हणाले. मी सुतळीनं झोका वर गुंडाळून बांधून ठेवला, त्यावरून बोलणी खाल्ली, कारण मुलं तक्रार करत होती. मग आमची हजेरी बंद झाली. त्या मधल्या दिवसांत कुणीतरी सुतळी सोडली. आठ वर्षांची मुलगी पडली, हनुवटीला तीन टाके पडले. मला ते जूनमध्ये कामावर परत आल्यावर कळलं. झोका तेव्हाही तुटक्या साखळीवर लोंबत होता आणि खालच्या वाळूत तिची एक चप्पल पडलेली होती, उन्हानं रंग उडालेली. ती चप्पल मी बरेच दिवस खोलीत ठेवली, कुणी न्यायला आलं नाही.

त्या दिवशी मी कामावर असते तर सुतळी सोडू दिली नसती. हे मी कुणावर दोष ढकलायला लिहीत नाही. मधले दोन महिने नुसते कागदावरचे नसतात, एवढं आपल्याला कळावं म्हणून लिहिते.

हिरवळीबद्दलही बोलायला हवं, कारण नव्या बागेच्या नकाशात सगळ्यात मोठा हिरवा तुकडा तिचाच असतो. माझी बहीण लातूरला दिली आहे. 2016 च्या उन्हाळ्यात ती आठ-आठ दिवस नळाची वाट बघत होती. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, 10 डबे, एकूण 5 लाख लिटर. ते आकडे मी तेव्हा वहीत लिहून ठेवले होते. आता हिशेब बघा. उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायचं तर रोज निदान 5 मिलिमीटर पाणी लागतं, आमच्या उन्हात जास्तच. म्हणजे एका चौरस मीटरला 5 लिटर. दहा गुंठे, साधारण हजार चौरस मीटर, त्याला रोजचे 5 हजार लिटर, छोटा टँकर. शंभर दिवसांचा उन्हाळा धरला तर 5 लाख लिटर. लातूरला आलेली ती पूर्ण रेल्वे दहा गुंठे गवत एका उन्हाळ्यात पिऊन टाकतं. आणि एवढं करून मे महिन्यात त्यावर कुणी बसत नाही, सगळे झाडाखाली जातात.

हिरवळ नकोच असं माझं म्हणणं नाही. लहान मुलं लोळतात, मलाही बघायला आवडतं. पण धरणाच्या काठच्या आमच्या गावातसुद्धा टँकरची पाळी येते, तिथं हिरवळ अंगणाएवढी पुरे आणि बाकी जागेत करंज, कडुनिंब, बहावा, कांचन, वड. मोकळी सोडलेली जागा गाजर गवत बळकावतं, तेव्हा ती झाडांनी भरलेली बरी. हे गवत 1955 च्या सुमारास पुण्याकडे पहिल्यांदा दिसलं म्हणतात. आज आमच्या प्रत्येक मैदानाच्या कडेला ते आहे. फुलावर यायच्या आत मुळासकट उपटायचं असतं. हातमोजे एखाद्या वर्षी मिळतात. नाही मिळाले तर आम्ही जुने पायमोजे हातात घालतो. माझ्या दोन्ही मनगटांना दर पावसाळ्यात पुरळ उठतं, खाजवून कातडी काळी पडली आहे. बरोबरच्या एका बाईला तर दमा लागला आणि तिनं काम सोडलं. याबद्दल जास्त लिहीत नाही. हातमोजे द्या, एवढंच.

आता आमच्याबद्दल. पगारातून पीएफ कापला जातो, ईएसआयचा पाऊण टक्का कापला जातो. ठेकेदार बदलला की नवा फॉर्म, नवी नोंद, मधले महिने कोरे. 17 वर्षं काम करून कागदावर मी कायमची नवीन आहे. यंदा माझ्या मुलीनं मोबाइलवर एक निकाल वाचून दाखवला. गाझियाबाद महापालिकेच्या उद्यान विभागात 1998-99 पासून काम करणाऱ्या माळ्यांना 2005 मध्ये अचानक कमी केलं होतं. ते भांडत राहिले. 31 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. विक्रम नाथ आणि न्या. प्रसन्न वराळे यांनी त्यांना कामावर परत घ्यायला सांगितलं, मधल्या वर्षांचा अर्धा पगार द्यायला सांगितलं आणि कायम करण्याचा विचार करा असंही सांगितलं. वराळे साहेब आपल्याच मराठवाड्यात, औरंगाबादला शिकलेले. जे काम वर्षानुवर्षं रोज लागतं ते तात्पुरतं म्हणता येत नाही, असा त्या निकालाचा मला समजलेला अर्थ. मुलीनं ‘माळी’ हा शब्द वाचला तेव्हा मी तिला थांबवून पुन्हा वाचायला लावलं. इतक्या मोठ्या कोर्टाच्या कागदावर आमच्या कामाचं नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. पण 2005 ते 2025, वीस वर्षं. तेवढ्यात त्यांच्या हातच्या बागांचं काय झालं असेल, हाच विचार माझ्या मनात आधी आला.

म्हणून माझं मागणं हे आहे. नवीन बाग मंजूर करताना कारंजं, कमान, पेव्हर ब्लॉक, ओपन जिम यांच्या यादीत पहिल्या ओळीवर माळ्याचं पद लिहा. त्या पदाशिवाय बागेला तांत्रिक मंजुरी देऊ नका. कायमची पदं भरायला वेळ लागणार असेल तर निदान देखभालीचा ठेका तीन वर्षांचा करा आणि तो 31 मार्चला संपणार नाही असं बघा. सप्टेंबरात संपू द्या. पावसात महिनाभर माणूस नसला तर झाड मरत नाही. ठेकेदार बदलला तरी बागेतली माणसं तीच राहतील, अशी अट टेंडरमध्ये घाला, कारण कुठल्या पाइपचा वॉल्व्ह मातीखाली कुठं आहे, कुठल्या कोपऱ्यात पाणी तुंबतं, कुठल्या चिंचेला आतून भुंगा लागला आहे हे आम्हाला माहीत असतं आणि ते कुठल्याच फाइलीत नसतं. वृक्षारोपणाचं बिल लावल्याच्या दिवशी पूर्ण देऊ नका. एक हिस्सा तिसऱ्या मे महिन्यानंतर, जिवंत झाडं मोजून द्या. प्रत्येक खेळण्याच्या जागेला एक वही ठेवा, त्यात आम्ही तारीख घालून लिहू आणि सही करू. मला सही येते. आणि बागेत काम करणाऱ्या बायकांना संडास उघडा असू द्या. अनेक ठिकाणी तो बांधलेला आहे, किल्ली नसते.

यातल्या बऱ्याचशा गोष्टींना नवा पैसा लागत नाही. तारीख बदलायला तर काहीच लागत नाही. आपल्या विभागाचं एक परिपत्रक राज्यातल्या सगळ्या महापालिका आणि नगरपरिषदांना जातं, एवढं मला ठाऊक आहे. त्यात ही तारखेची गोष्ट घातली तरी पुढच्या उन्हाळ्यात फरक दिसेल.

करंज सध्या बरा आहे. श्रावणातल्या पावसानं त्याला चार नवी पानं फुटली आहेत, तांबूस, चमकदार. शेळीनं एक शेंडा खाल्ला होता, त्याच्या बाजूनं दुसरा फुटला. मी आळं मोठं केलं आहे आणि दिवाळीनंतर पाला घालणार आहे, पोत्यात साठवून ठेवला आहे. आमचा ठेका येत्या 31 मार्चला संपतो. हा करंज माझ्या घराच्या वाटेवर नाही, गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, जाऊन-येऊन दोन कोस पडतात.

आपली विश्वासू,
बागेत काम करणारी एक बाई
विष्णुपुरी, नांदेड
ऑगस्ट 2025